बुक क्लबसाठी बायकांनी लिहिलेली जुनी फँटसी निवडताना

स्त्रीवादी बुक क्लबची पहिली यादी बहुतेक ठरलेली असते. आधी आत्मचरित्रं, मग दोन-तीन कादंबऱ्या, मग एखादं वैचारिक पुस्तक, जे अर्ध्या जणी अर्धंच वाचून येतात. फँटसीचं नाव काढलं की कोणीतरी विचारतंच, "अगं, ते लहान मुलांचं ना?" आमच्याकडेही विचारलं गेलं होतं. विचारणारीच आता गटात सगळ्यात हिरिरीने ड्रॅगनची बाजू घेऊन भांडते.

फँटसी का घ्यावी, तर वास्तववादी कादंबरीत बाईला शिकू दिलं जात नसेल, तर "तेव्हा तसंच होतं" म्हणून आपण पान उलटतो. फँटसीत ही सोय नाही. तिथलं जग लेखिकेने स्वतः रचलेलं असतं. ज्या जगात ड्रॅगन उडतात आणि बोलतातही, तिथे मुलींना जादूच्या शाळेत प्रवेश का नाही, याला "तेव्हा तसंच होतं" हे उत्तर चालत नाही. तो नियम कोणीतरी केलेला असतो, आणि कोणी व का केला हे विचारायला बुक क्लबसारखी जागा नाही. खालची सगळी निवड या एका प्रश्नावर बेतलेली आहे.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- सगळ्यांना उघडता येईल अशी एक शीट. रकाने: पुस्तक, लेखिका, पहिल्यांदा छापल्याचं वर्ष, पानं, कुठे मिळतं, किंमत आणि "आधी सांगायला हवं असं काही". शेवटचा रकाना रिकामा सोडू नका.
- इंग्रजी पुस्तकं ठेवणाऱ्या एका तरी वाचनालयाचं सभासदत्व. गटात एकीचं असलं तरी पुरतं. परदेशात असाल तर तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड आधी काढा, त्यावर ई-पुस्तकंही मिळतात.
- ई-बुक वाचायला काहीतरी. फोन चालतो, फक्त अक्षर मोठं करून घ्या.
- प्रत्येकीकडून दोन खरी उत्तरं: महिन्याला किती पानं वाचून होतात, आणि इंग्रजी सलग वाचता येतं का. दुसरा प्रश्न सगळ्यांसमोर विचारू नका, एकेकीला वेगळा मेसेज करा.
- पुस्तक ठरण्याआधी ते पूर्ण वाचून बघणारी एक जण. ही नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही.

१. वर्षाची रेषा आखून टाका

"क्लासिक" कशाला म्हणायचं यावर एक अख्खी बैठक वाया जाऊ शकते. सरळ एक वर्ष ठरवा, त्या वर्षापर्यंत छापलेलंच घ्यायचं. आम्ही १९९० धरलं आहे. त्यामागे काही शास्त्र नाही, १९९०चं एक पुस्तक मला काही केल्या बाहेर ठेवायचं नव्हतं इतकंच. ते कुठलं, हे पुढे येईलच.

रेषा आखली की लगेच एक गैरसमज गळून पडतो. फँटसी म्हणजे टॉल्किन, आणि बायका नंतर त्या वाटेने आल्या, असं बऱ्याच जणींना वाटतं. त्याचं 'द हॉबिट' आलं १९३७ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, १६६६ मध्ये, मार्गारेट कॅव्हेंडिशने 'द ब्लेझिंग वर्ल्ड' लिहिलं. त्यातली तरुणी उत्तर ध्रुवावरून दुसऱ्याच जगात पोचते, तिथली सम्राज्ञी होते, आणि अस्वल-माणसं नि पक्षी-माणसं तिच्या पदरी शास्त्रज्ञ म्हणून काम करतात. फ्रान्समध्ये १६९०च्या दशकात मादाम दॉल्नुआ आणि तिच्यासारख्या खानदानी बायका दिवाणखान्यांतून परीकथा रचत आणि ऐकवत होत्या. १९२६ या एकाच वर्षात इंग्लंडमध्ये होप मिरलीसचं 'लड-इन-द-मिस्ट' आणि सिल्विया टाउनसेंड वॉर्नरचं 'लॉली विलोज' अशी दोन पुस्तकं आली. तलवार घेऊन लढणारी नायिका हवी असेल, तर सी. एल. मूरची 'जिरेल ऑफ जॉयरी' १९३४ मध्ये 'वीअर्ड टेल्स' मासिकात हजर झाली होती.

यातलं कॅव्हेंडिश क्लबला देऊ नका. माहीत असावं, पण वाचायला फार जड आहे.

यादी करतानाचा एक सापळा. नावावरून लेखिका शोधायला गेलात तर निम्म्या हातून निसटतील. सी. एल. मूर म्हणजे कॅथरीन ल्युसिल मूर. आन्द्रे नॉर्टन ही मूळची अ‍ॅलिस मेरी नॉर्टन. ई. नेस्बिट म्हणजे ईडिथ. उर्सुला ले ग्विनची एक कथा 'प्लेबॉय'ने १९६९ मध्ये छापली ती 'यू. के. ले ग्विन' या नावाने, म्हणजे वाचणाऱ्याला बाई आहे ते कळू नये.

आणि हे फँटसी की सायन्स फिक्शन, हा वाद पाच मिनिटांत मिटवा. लेखिका स्वतः काय म्हणते ते धरा. ऑक्टेव्हिया बटलरचं 'किंड्रेड' (१९७९) सगळीकडे सायन्स फिक्शनच्या फळीवर ठेवलेलं दिसतं, पण काळात मागे जाण्यासाठी त्यात कुठलंही यंत्र नाही. बटलर स्वतः त्याला फँटसीच म्हणत असे.

२. जादू कोणाला शिकवतात ते बघा

पुस्तक हातात आलं की नायिका "स्ट्राँग" आहे का, हे शोधत बसू नका. तलवार चालवणारी नायिका असूनही पुस्तक अगदी जुन्या वळणाचं असू शकतं. त्यापेक्षा तीन गोष्टी बघा. त्या जगात ताकद कशातून येते? ती कोणाला शिकवली जाते? आणि ती वापरणाऱ्या बाईला गाव काय म्हणतं?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ले ग्विनची 'अर्थसी' मालिका, म्हणून इथे जरा थांबते.

पहिलं पुस्तक 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८. रोक बेटावर जादूगारांची शाळा आहे, तिथे फक्त मुलगे शिकतात. गावोगावी चेटकिणी आहेत, पण त्यांना शाळा नाही. ज्याला त्याला तोंडपाठ असलेल्या दोन म्हणी पुस्तकात सुरुवातीलाच येतात: बायकांच्या जादूसारखं दुबळं, बायकांच्या जादूसारखं दुष्ट. पहिल्या वाचनात त्या सहज नजरेआड होतात. गटात कोणीतरी त्या मोठ्याने वाचल्या, की मग बैठक दुसऱ्याच वाटेने जाते.

दुसरं पुस्तक 'द टूम्ब्ज ऑफ अतुआन', १९७१. इथे नायिका आहे. तेनार ही लहान मुलगी आईबापांपासून काढून अंधाराच्या देवतांची मुख्य पुजारीण केली जाते. तिचं नाव काढून घेतलं जातं. थडग्यांखालच्या भुयारात दिवा न्यायला बंदी, सगळं चाचपडत पाठ करायचं. त्या भुलभुलैयाची ती मालकीण, आणि कैदीही. मग पहिल्या पुस्तकाचा नायक, जादूगार गेड, तिथे चोरी करायला येतो, ती त्याला कोंडते, आणि शेवटी दोघं मिळून सुटतात. आमच्याकडे इथे सरळ दोन तट पडले. एक तट: "शेवटी तिला सोडवायला पुरुषच लागला." दुसरा: "तोही तिच्याशिवाय बाहेर पडला नसता. पाणी कोण देत होतं त्याला?" दोन्ही बाजूंना पुस्तकात भरपूर पुरावा आहे, आणि नेमकं असंच पुस्तक क्लबला हवं असतं.

मग १९७२ मध्ये तिसरं पुस्तक आलं आणि मालिका संपली असं सगळ्यांना वाटलं. ले ग्विन अठरा वर्षांनी परत आली, १९९० मध्ये, 'टेहानू' घेऊन. रेषा १९९० वर आखली ती याच्यासाठी. आता तेनार अधेड वयाची विधवा आहे, शेतावर राहते, तिची मुलं मोठी झाली आहेत. तिच्या पदरात एक लहान मुलगी येते, जिला तिच्याच माणसांनी छळून आगीत टाकलेलं. गेड येतो तो सगळी जादू गमावून. युद्ध नाही, प्रवास फारसा नाही. शेळ्या, कांदे, भीती, आणि वारसाहक्काने घर कोणाचं हा प्रश्न. समुद्रावर गेलेला मुलगा घरी परततो तो मालक म्हणून, आणि मग भांडी कोणी घासायची इथपर्यंत गोष्ट येते. मॉस नावाची गावची चेटकीण आहे, अस्वच्छ आणि बडबडी, आणि पुरुषांची ताकद नि बायकांची ताकद यांवर ती जे बोलते ते ऐकायला आमच्या बैठकीत चहा थंड होऊ दिला गेला.

म्हणजे एकाच लेखिकेने स्वतःच केलेला नियम स्वतःच उलटा तपासला. पहिलं पुस्तक लिहिताना ती पुरुष नायकांच्या परंपरेत लिहीत होती, हे तिने नंतर जाहीर भाषणात मोकळेपणाने मांडलं. गटाकडे वेळ असेल तर पहिलं, दुसरं आणि चौथं अशी तीन पुस्तकं तीन महिन्यांत घ्या. तिसरं ज्यांना हवं त्यांनी घरी वाचावं. थेट 'टेहानू'पासून मात्र सुरुवात करू नका. आधीचं वाचलेलं नसेल तर ती शेळ्या-कांद्यांची गोष्ट वाटते, आणि पुढच्या महिन्यात निम्म्या जणी येत नाहीत.

३. पहिलं पुस्तक एका बसणीत संपणारं घ्या

नव्या गटाला मी डोळे मिटून एकच नाव सांगते: बेगम रुकय्या सखावत हुसेन यांचं 'सुलतानाज ड्रीम'. १९०५ मध्ये मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझीन'मध्ये ते छापून आलं. मूळ इंग्रजीतच लिहिलेलं आहे आणि जेमतेम दहा-पंधरा पानांचं आहे. दुपारच्या चहापर्यंत वाचून होतं. चारशे पानांचं पुस्तक पहिल्या महिन्यात दिलंत, तर दुसरी बैठक भरेलच याची खात्री नाही.

सुलताना आरामखुर्चीत डुलकी घेते आणि 'लेडीलँड'मध्ये पोचते. तिथे बायका रस्त्यावर आणि पुरुष पडद्यात. जनानखान्याच्या जागी मर्दानखाना. स्वयंपाकघरात धूर नाही की कोळसा नाही, सूर्याच्या उष्णतेवर शिजतं. हे १९०५ साली लिहिलंय, बरं का. युद्ध जिंकलं तेही विद्यापीठाच्या बाईंनी विद्यार्थिनींना घेऊन, शत्रूवर सूर्याचे किरण एकवटून. आणि बायका दोन तासांत कचेरीचं काम कसं उरकतात, याचा हिशोब तिला तिथे फिरवणारी भगिनी सारा देते: एक चिरूट संपायला अर्धा तास, पुरुष दिवसाला बारा ओढतो, म्हणजे सहा तास नुसत्या धुरात गेले. हा उतारा मोठ्याने वाचायला ठेवा. आमच्यातल्या नोकरी करणाऱ्या सगळ्या जणींनी आपापल्या ऑफिसातली चिरुटं लगेच मोजली.

लेखिकेबद्दल दोन शब्द आधी सांगा. घरात चोरून शिकलेली बाई. लग्नानंतर भागलपूर. नवरा डेप्युटी मॅजिस्ट्रेट, त्याने लिहायला प्रोत्साहन दिलं. तो गेल्यावर तिने मुलींची शाळा काढली, आधी भागलपूरला आणि १९११ मध्ये कलकत्त्याला. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ९ डिसेंबर १९३२ रोजी त्या वारल्या.

आता खरं काम. हसून झाल्यावर गटाला विचारा: लेडीलँडमध्ये झाडलोट कोण करतं? पडदा फिरवला, पण पडदा तसाच राहिला, हे चालेल का? ही चेष्टा आहे की आराखडा? शेवटच्या प्रश्नावर एकमत होणार नाही, व्हायची गरजही नाही.

४. मग गटाचा स्वभाव बघून पुढचं

आमच्याकडे सगळ्यात जास्त रुजलेलं पुस्तक म्हणजे 'लॉली विलोज'. लॉरा ही बिनलग्नाची बाई. वडील गेल्यावर ती लंडनला भावाच्या घरी जाते आणि भाचरांची लॉली आत्या होऊन बसते. वाईट कोणी नाही त्या घरात. तिला फक्त कोणी काही विचारत नाही. तिचे पैसे भाऊ गुंतवतो, आणि ते कुठे गेले हे तिला फार उशिरा कळतं. वीस वर्षांनी एक दिवस दुकानात फुलं घेताना तिच्या मनात काहीतरी हलतं, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी ती सगळ्यांना सांगून टाकते की मी ग्रेट मॉप नावाच्या खेड्यात एकटी राहायला चालले. जादू पुस्तकात बरीच उशिरा येते, आणि येते ती सैतानाशी करार करून. तोही कसा, तर सभ्य, जरासा माळ्यासारखा.

गटातल्या एका काकूंनी हे पुस्तक तीनशे प्रश्नांपेक्षा नेमकं मांडलं. "आमच्या घरी होत्या अशा आत्या," त्या म्हणाल्या. "लोणची त्यांच्या हातची, आणि खोली कुणाच्याच हातची नाही. पाहुणे आले की त्यांचा पलंग जायचा." मग बाकीच्यांनीही आपापल्या घरातल्या आत्या काढल्या. पुस्तकावर अर्धा तास बोलणं झालं आणि आत्यांवर दीड तास. ती बैठक वाया गेली असं अजिबात समजू नका.

बाकीची नावं पटापट सांगते.

'द फरगॉटन बीस्ट्स ऑफ एल्ड', पॅट्रिशिया मॅकिलिप, १९७४. डोंगरावर एकटी राहणारी सिबेल पुराणातल्या प्राण्यांना नावाने हाक मारून बोलावू शकते. एक राजा तिचं मन मोडून तिला ताब्यात घेण्यासाठी जादूगार नेमतो. संमती या विषयावर इतकं नेटकं आणि आटोपशीर पुस्तक त्या काळात दुसरं क्वचितच सापडेल. पुढच्या वर्षी सुरू झालेल्या वर्ल्ड फँटसी पुरस्काराची पहिली कादंबरी हीच.

'हाउल्स मूव्हिंग कॅसल', डायना विन जोन्स, १९८६. टोप्या शिवणारी सोफी शापाने म्हातारी होते, आणि म्हातारी झाल्यावरच मनातलं बोलायला लागते. कॉलेजातल्या मुली आणि त्यांच्या आया एकाच गटात असतील तर हे घ्या. जपानी दिग्दर्शक मियाझाकीचा २००४चा सिनेमा आधी बघू नका. तो सुंदर आहे, पण गोष्ट वेगळी आहे, आणि मग बैठकीत सिनेमाच वाचला जातो.

'द हिअरिंग ट्रम्पेट', लिओनोरा कॅरिंग्टन, सत्तरच्या दशकातलं. ९२ वर्षांची नायिका, वृद्धाश्रम, आणि पुढे जे होतं ते सांगण्यात अर्थ नाही. काहींना वेड लागतं, काहींना काहीच कळत नाही.

'ऑरलँडो', व्हर्जिनिया वूल्फ, १९२८. तीनशे वर्षं जगणारा आणि मध्येच बाई होणारा नायक. बाई झाल्याबरोबर मालमत्तेचे खटले मागे लागतात, तो भाग नक्की वाचा. इंग्रजी जड आहे, निम्मा गट अडखळेल.

'द ब्लडी चेंबर', अँजेला कार्टर, १९७९. हे कथांचं पुस्तक आहे, तेव्हा सगळं एकदम घेऊ नका. 'द कोर्टशिप ऑफ मिस्टर लायन' आणि 'द टायगर्स ब्राइड' या दोन कथा घ्या. दोन्ही 'ब्यूटी अँड द बीस्ट'वरच्या, आणि एकमेकींच्या विरुद्ध टोकाला जाणाऱ्या.

५. एक महिना इकडचा ठेवा

सुनीती नामजोशी हे नाव यादीत हवंच. जन्म मुंबईचा, १९४१चा. आजोळ फलटणचं नाईक-निंबाळकर घराणं. आयएएसची नोकरी सोडून परदेशी शिकायला गेल्या आणि पुढे इंग्रजीतून लिहीत राहिल्या. आई सरोजिनी नामजोशी यांच्याबरोबर त्यांनी गोविंदाग्रजांच्या कवितांचा इंग्रजी अनुवादही केला आहे. त्यांचं 'फेमिनिस्ट फेबल्स' १९८१ मध्ये आलं. पंचतंत्र, इसाप, परीकथा, सगळ्यांची उलथापालथ, आणि गोष्टी अर्ध्या-एक पानाच्या. इंग्रजीची भीती असलेल्या गटाला यासारखं औषध नाही. एकीने वाचावी, दुसरीने तिथल्या तिथे मराठीत सांगावी, आणि मग बोलणं सुरू.

मराठीतलंच हवं असेल तर कमल देसाई यांचं 'काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई' (१९७५). दोन लघुकादंबऱ्या. हिला फँटसी म्हणावं का, यावरच गटात फूट पडेल. माझं मत: वर सांगितलेल्या तीन प्रश्नांना ती टिकते, मग घ्यायला हरकत काय?

कार्टरच्या महिन्यात आणखी एक करून बघा. प्रत्येकीने श्रावणातली एक कहाणी सांगायची. नागपंचमीची घ्या. माहेरी कोणी नसलेली धाकटी सून म्हणते, मला न्यायला शेषभगवान नागोबा येईल. आणि तो मामा म्हणून येतो, पाताळात माहेरपणाला घेऊन जातो. या कहाण्या कोणी रचल्या ते नोंदलेलं नाही, त्यामुळे यादीच्या नियमात त्या बसत नाहीत. पण कार्टर युरोपातल्या परीकथांचं काय करत होती, हे त्यानंतर समजावून सांगावं लागत नाही.

६. मतदानाआधी पुस्तक मिळतंय का ते बघा

क्रम चुकवू नका. आधी पोल घेतला आणि मग कळलं की जिंकलेलं पुस्तक फक्त परदेशातून महागात येतंय, तर त्या महिन्याचा उत्साह तिथेच संपतो. शीटमध्ये पुस्तक चढवायची अट एकच ठेवा: गटातल्या सर्वात कमी खर्च करू शकणाऱ्या मैत्रिणीला ते मिळेल असा एक तरी रस्ता लिहिलेला असावा.

फुकट आणि कायदेशीर काय, तेही समजून घ्या. भारतात लेखिकेच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. रुकय्या हुसेन (मृत्यू १९३२), 'हरलँड' लिहिणारी शार्लट पर्किन्स गिलमन (१९३५) आणि वूल्फ (१९४१) या तिघींचं लेखन आता मोकळं आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गसारख्या ठिकाणी शोधा. पण वॉर्नर आणि मिरलीस दोघीही १९७८ मध्ये वारल्या. अमेरिकेत त्यांची १९२६ची पुस्तकं मोकळी झाली आहेत, भारतात ती २०३८ संपेपर्यंत नाहीत. अमेरिकेतल्या बहिणीने पाठवलेली लिंक तिच्यासाठी बरोबर असते, आपल्यासाठी नाही. ले ग्विन, बटलर, कार्टर यांचा तर प्रश्नच येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ घेऊ नका. लेखिकांच्या कष्टांवर बोलायला जमायचं आणि त्यांचीच चोरी करायची, हे शोभत नाही. मिरलीसचं पुस्तक १९७० मध्ये एका अमेरिकी प्रकाशनाने ती हयात असताना तिला न विचारता छापलं होतं, ही गोष्ट गटात सांगा, मुद्दा पटतो.

विकत घेताना "संक्षिप्त आवृत्ती" तर नाही ना, ते मागचं पान उलटून बघा. मुलांसाठी छाटलेल्या आवृत्त्यांत नेमका आपल्या कामाचा भाग गेलेला असतो.

७. लेखिकेचं चरित्र आधी चाळा

बायकांनी लिहिलेलं म्हणजे आपल्या बाजूचं, असं धरून चालू नका.

गिलमनचं 'हरलँड' (१९१५) फक्त बायकांच्या देशाची गोष्ट आहे आणि स्त्रीवादी याद्यांमध्ये नेहमी वर असतं. पण त्या बायका आर्य वंशाच्या, हे त्यात कौतुकाने येतं, आणि "चांगली" संतती व्हावी म्हणून कोणी आई व्हायचं नि कोणी नाही, हेही ठरवलं जातं. आपल्याकडे जातीच्या शुद्धतेची भाषा ज्यांनी ऐकली आहे, त्यांच्या कानाला हे लगेच खटकेल. म्हणून टाळू नका, 'सुलतानाज ड्रीम'च्या लगेच पुढे ठेवा. दोघींमध्ये दहाच वर्षांचं अंतर आहे. एकीने वंशावर देश उभा केला, दुसरीने शाळेवर.

मॅरियन झिमर ब्रॅडलीचं 'द मिस्ट्स ऑफ अ‍ॅव्हलॉन' (१९८३) ही वेगळी गोष्ट. राजा आर्थरची कथा बायकांच्या तोंडून, आणि कितीतरी वाचकांना स्त्रीवादाकडे आणणारं पुस्तक. लेखिका १९९९ मध्ये गेली. २०१४ मध्ये तिच्या मुलीने लहानपणी आईने लैंगिक अत्याचार केल्याचं जाहीरपणे सांगितलं. हे माहीत न होता पुस्तक ठरवलं आणि बैठकीत कोणीतरी फोनवर वाचून दाखवलं, तर ती बैठक सावरत नाही. आमच्या गटाने ते न घेण्याचं ठरवलं. तुमचा गट दुसरं ठरवेल. ठरवा मात्र आधी. शिवाय आठशेहून जास्त पानं आहेत, तेवढंही कारण पुरेसं आहे.

८. काय येणार आहे ते सांगून ठेवा

"फँटसी आहे, हलकंफुलकं असेल" असं समजून येणाऱ्या जणी असतात. 'किंड्रेड'मध्ये १९७६ची काळी तरुणी डेना पुन्हा पुन्हा गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये खेचली जाते, आणि तिथल्या मालकाच्या मुलाला वाचवणं तिला भाग पडतं, कारण तो तिचाच पूर्वज आहे. चाबूक आहे, बलात्कार आहे. 'टेहानू'मध्ये लहान मुलीवरचा अत्याचार आहे. 'द ब्लडी चेंबर'मध्ये रक्त आणि शरीर दोन्ही उघडं आहे. पुस्तक ठरवण्याच्या मेसेजमध्येच एका ओळीत हे लिहा, आणि जिला नको तिने त्या महिन्यात यायचं नाही, कारणही सांगायचं नाही, असा नियम ठेवा. 'किंड्रेड' घ्याच, पण गट जुना झाल्यावर. एकमेकींना धड न ओळखणाऱ्या बायकांनी ते पहिल्याच महिन्यात वाचू नये, असं माझं ठाम मत आहे.

९. पोल आणि बैठक

पोलमध्ये तीनच नावं टाका. दहा टाकलीत तर मतं फुटतात आणि दोन मतांवर पुस्तक निवडून येतं. त्या तीनपैकी एक छोटं, एक मध्यम, एक जड. ज्या मैत्रिणीने पुस्तक सुचवलं तिने त्यातलं एक पान मोठ्याने वाचून दाखवावं, मग मतं घ्यावीत. मलपृष्ठावरच्या मजकुरावर कोणी भुलत नाही, लेखिकेचा आवाज कानावर पडला की मत बदलतं.

बैठकीत "आवडलं का" या प्रश्नाने सुरुवात केलीत तर दोन मिनिटांत हो-नाही होऊन शांतता पसरते. त्याऐवजी या जगातला कुठला नियम तुम्ही आधी मोडाल, हे विचारा. इंग्रजीत वाचलेलं मराठीत बोलायचं, हेही पहिल्या दिवशीच स्पष्ट करा. नाहीतर दोघी-तिघी फाडफाड बोलत राहतात आणि बाकीच्या वहीत मान घालून बसतात.

एखाद्या महिन्यात कोणीच पुस्तक संपवलेलं नसतं. दिवाळीच्या आणि परीक्षांच्या महिन्यांत हमखास. बैठक रद्द करू नका, पुढे ढकलूही नका. नामजोशींच्या चार गोष्टी छापून ठेवलेल्या असू द्या, त्या वाचा, आणि राहिलेल्या पुस्तकासाठी तिथेच कॅलेंडर उघडून तारीख ठरवा. वाचनालयाची प्रत जिच्याकडे आहे तिने ती मुदत वाढवून घ्यायची, हे तिला त्याच दिवशी सांगा.